पेडलवरचा पाय

दिवाळी अंकासाठी लिहा असं संपादकबाईंनी फोनवर सांगितलं, तेव्हा त्यांच्या डोळ्यांसमोर सरहद्द, बर्फ, खंदक असलं काहीतरी असणार. माझी पंचाईत झाली. सैन्यात मी विमानविरोधी तोफखान्यात होते खरी, पण आयुष्यात एकही शत्रूचं विमान पाडलं नाही. वर्दी उतरवल्यावर चाचण्यांच्या मैदानांवर सेफ्टी ऑफिसर म्हणून बरीच वर्षं काम केलं. त्या कामात काय केलं म्हणाल, तर पाय दाबून बसले. तोफेशेजारच्या खुर्चीत बसायचं, दिवा लागला की उजव्या पायानं एक पेडल दाबून धरायचं आणि वेळ आली तर पाय उचलायचा. याचा मला पगार मिळायचा.

एकलहऱ्याला आमच्या जुन्या कॉलनीत गेले की ओळखीच्या बायका विचारायच्या, "म्हणजे शिलाई मशीनसारखं का गं?" मी हो म्हणायची. वडील तिथल्या वीजकेंद्रात कंट्रोल रूममध्ये होते, त्यांना मात्र एका वाक्यात कळलं. पाय दाबलेला असेल तोवर तोफ उडू शकते. पाय उचलला की सर्किट तुटतं आणि कॉम्प्युटरनं कितीही हुकूम सोडले तरी गोळा बाहेर पडत नाही. माणूस बेशुद्ध पडला तरी पाय सैल पडतो आणि तोफ गप्प बसते. इतकी साधी गोष्ट आहे.

आता पाय उचलायची वेळ का यावी, हे सांगते. नव्या तोफेचा नेम तपासायचा तर आकाशात काहीतरी उडतं लागतं. म्हणून एक छोटं विमान घेतात आणि त्याच्या मागे लांबच लांब पोलादी दोर सोडतात. दोराच्या टोकाला केशरी कापडाची मोठी पिशवी असते, तिला आम्ही स्लीव्ह म्हणतो. तोफेनं त्या पिशवीला मारायचं. पिशवीच्या पुढे, त्याच दोराला बांधलेलं विमान असतं आणि विमानात जिवंत माणूस. पूर्वी नेम धरणाराही माणूसच असायचा. आता रडार आणि कॅमेरा बघतात, कॉम्प्युटर ठरवतो आणि नळी आपोआप वळते. या सगळ्यात विमान कोणतं आणि पिशवी कोणती, यात मशीनचा घोटाळा झाला तर काय, एवढ्या एका प्रश्नासाठी माझा पाय होता.

द्वारकेच्या चौकात सिग्नल चालू असतानाही मध्ये एक पोलीस का उभा असतो, हे नाशिककरांना समजावून सांगायला नको. मी तो पोलीस होते आणि पोलिसाइतकीच लोकप्रिय होते.

शेवटची काही वर्षं मी सिन्नरच्या बाजूला असलेल्या एका कंपनीत होते. ड्रोन पाडणारी स्वयंचलित तोफ त्यांनी बनवली होती. जुळणी इथे व्हायची आणि चाचण्या माळावरच्या एका मैदानावर. नाशिकहून सकाळी निघालं की जेवणाच्या आत तिथे पोचायचो. विमान कॅप्टन पिंगळे उडवायचे. हवाई दलातून निवृत्त झालेला, मखमलाबादकडच्या फुलशेतीवाल्या घरातला माणूस. रेडिओवर इंग्रजी अगदी छापील, खाली उतरले की सगळी गावाकडची बोली. खंडेनवमीला आम्ही तोफेची पूजा करायचो, तेव्हा झेंडूच्या माळा पिंगळ्यांच्या शेतातून यायच्या. माळ स्वतःच नळीला बांधायचे. मी एकदा चिडवलं, तर म्हणाले, "मेजरबाई, ही माझ्याकडं तोंड करून वाजणार. हिला खूश ठेवलेली बरी."

तोफेचं डोकं, म्हणजे सॉफ्टवेअर, तुषारच्या हातात होतं. तुषार नामपूरचा, घरी कांद्याची आडत, पण या पोराला लहानपणापासून गणिताचं वेड. पोरगा म्हणते मी, पण चाळिशीला टेकलेला सॉफ्टवेअर विभागाचा प्रमुख होता. हुशार, कष्टाळू आणि माझ्या पायावर त्याचा राग. त्याची तक्रार चुकीची होती असंही नाही. तो म्हणायचा, "मॅडम, ड्रोन एकटा येत नाही, थव्यानं येतो. तुम्ही बघणार, विचार करणार, पाय ठेवणार, तोवर अर्धे ड्रोन आत शिरलेले असतील. या सगळ्या सिस्टीममध्ये सगळ्यात हळू चालणारा भाग तुम्ही आहात." तोंडावर सांगायचा, मागून कुजबुजायचा नाही, म्हणून मला तो आवडायचा. आणि मी काही धुतल्या तांदळासारखी नव्हते. एकदा बगळ्यांची रांग आडवी आली म्हणून पाय उचलला. एकदा नळी जराशी पुढे सरकल्यासारखी वाटली म्हणून उचलला, रेकॉर्डिंग बघितलं तर नळी बरोबर पिशवीवर होती. प्रत्येक वेळी अख्खी फेरी वाया. कँटीनमध्ये माझ्या पायाला नाचरा पाय असं नाव पडलं होतं. कानावर आलं तेव्हा मला वाईट वाटलं, पण पाय तसाच राहिला.

मग मोठ्या प्रात्यक्षिकाचा दिवस आला. तोफ विकत घेणारे अधिकारी येणार होते. माळावर मंडप, खुर्च्या, मोठा पडदा. कंपनीचे एमडी सकाळपासून मंडपात येरझाऱ्या घालत होते. पडद्यावर दोन ठिपके दिसणार होते. विमान हिरव्या रंगात, म्हणजे आपलं. पिशवी लाल रंगात, म्हणजे शत्रू. रंग कुणाला कोणता द्यायचा ते मशीननं स्वतः ठरवायचं, हीच तर या तोफेची करामत होती. मला तो पडदा दिसत नव्हता. माझ्या डोळ्यांपुढे नळीवर बसवलेली दुर्बीण होती. नळी जिकडे बघते तेवढंच मला दिसायचं.

पहिली फेरी देखणी झाली. पिशवीच्या चिंध्या झाल्या, मंडपात टाळ्या पडल्या. पिंगळ्यांनी दुसरी पिशवी सोडली. तोवर वारा सुटला होता आणि माळावरची धूळ वर चढली होती. रेडिओवर ते म्हणाले की खाली जरा धुरकट दिसतंय, पण येतो.

फेरीची रीत अशी असते. विमान आधी सरळ तोफेच्या दिशेनं येतं. तेव्हा विमान आणि पिशवी एका रेषेत, एकामागे एक असतात. मग विमान वळतं, आडवं जातं, दोघं वेगळे दिसू लागतात आणि तेव्हा तोफ उडवायची. त्या दिवशीही विमान सरळ आलं आणि दोन ठिपक्यांचा एक ठिपका झाला. धुळीत कॅमेऱ्याला धड दिसेना. मग विमान वळलं आणि एकाचे परत दोन ठिपके झाले. एक लाल, एक हिरवा. मंडपात सगळ्यांना बरं वाटलं. पुढचा लाल आहे आणि मागचा हिरवा, हे कुणाच्या लक्षात आलं नाही. एकत्र आलेले दोघं वेगळे होताना मशीननं नावांची अदलाबदल केली होती. विमानाला शत्रू केलं होतं आणि कापडाच्या पिशवीला आपलं.

माझ्या पेडलसमोरचा दिवा लागला. त्याचा अर्थ, कॉम्प्युटर तयार आहे, नेम बसलाय, आता पाय ठेवा. मी पाय ठेवला. ठेवताना डोळा दुर्बिणीला होता आणि दुर्बिणीत मला केशरी कापड दिसायला हवं होतं. मला चाकं दिसली.

पिशवीला चाकं नसतात. एवढाच विचार डोक्यात आला असं मी नंतर चौकशीत सांगितलं. खरं तर तेवढाही आला नाही. पाय वर आला होता आणि तोफ उडालेली नव्हती. फायरचा हुकूम सुटला होता, पेडलसमोरचा दिवा लालभडक झाला होता आणि नळी न वाजता त्या विमानाच्या पोटाचा पाठलाग करत आकाशभर फिरत होती. गोळ्यांचा पट्टा भरलेला, सगळं सज्ज, आणि मध्ये फक्त माझा अधांतरी पाय. मी तो दोन्ही हातांनी गुडघ्याखाली धरून ठेवला होता, खाली पडू नये म्हणून.

कानात पिंगळे म्हणाले, "वाजलं नाही. काय झालं?"

"फेरी रद्द. उतरा," मी म्हणाले.

एमडी मंडपातून तरातरा आले. पाहुण्यांसमोर ओरडायची सोय नव्हती, म्हणून दात आवळून त्यांनी विचारलं की आज परत बगळे आले का. मी दुर्बिणीचं रेकॉर्डिंग त्यांच्यापुढे लावलं. तोवर पिंगळे उतरून आले होते. सगळ्यांच्या मागे उभं राहून त्यांनी बघितलं. आपल्या विमानाचं पोट, त्यावर बरोबर मधोमध नेमाची फुली, आणि फुली हलत नव्हती. परत एकदा लावा म्हणाले. परत लावलं. मग म्हणाले, "डावा टायर बदलायला झालाय." कुणीतरी त्यांच्या हातात चहा दिला, तो त्यांनी तसाच बाजूला ठेवला.

त्यानंतरची बैठक माझ्या लक्षात आहे ती तुषारमुळे. लोकांना धूळ, वारा, विमानाचं जुनं यंत्र यांच्यावर खापर फोडायचं होतं. तुषारनं त्यांना थांबवलं. फळ्यावर दोन ठिपके काढले आणि नावांची अदलाबदल कशी झाली, प्रोग्रॅमच्या कुठल्या ओळीत झाली, ते सगळं सांगितलं. मला त्यात वाईट हे वाटलं की मशीनला शंकासुद्धा आली नव्हती. माणूस गोंधळला की अडखळतो, परत विचारतो, चेहरा पडतो. हे मशीन चुकीच्या नावावरही बरोबर नावाइतकंच ठाम होतं. तुषार म्हणाला, "आता मी त्याला शंका घ्यायला शिकवतो." आणि त्यानं शिकवलं. पुढचे काही महिने तो घरी कमी आणि कारखान्यात जास्त होता. जुन्या सगळ्या फेऱ्यांची रेकॉर्डिंग त्यानं मशीनला पुन्हा पुन्हा दाखवली, धूळ घालून, ढग घालून, आडवे पक्षी घालून. एकदाही अदलाबदल झाली नाही. मी स्वतः शेजारी बसून बघितलं. मला दोष काढता आला नाही.

मग दुसऱ्या प्रात्यक्षिकाचं ठरलं आणि घेणाऱ्यांनी अट घातली. माणसाच्या आधाराशिवाय तोफ स्वतः चूक टाळते का, हे त्यांना बघायचं होतं. पेडल काढा म्हणाले. एमडींना हवंच होतं. तुषारनंही मान डोलावली. त्याचं म्हणणं सरळ होतं की दोष सापडलाय, दुरुस्त झालाय, आता पेडल ठेवणं म्हणजे स्वतःच्या कामावर विश्वास नसणं. माझ्याकडे दुर्बीण आणि एक टेलिफोन राहणार होता. काही वावगं दिसलं तर मी फोनवर सांगायचं आणि पलीकडच्या माणसानं मुख्य बटण बंद करायचं. ही तोफ किती वेगानं गोळे सोडते ते मला माहीत होतं. त्या फोनचा उपयोग नंतर अॅम्ब्युलन्स बोलवायला झाला असता.

पिंगळे कोपऱ्यात बसून ऐकत होते. ते नकार देतील आणि सगळं लांबेल अशी मला आशा होती. त्यांनी नकार दिला नाही. तुषारला म्हणाले, "मी उडवतो. माझी मागची सीट रिकामी असती. तू बस तिथं."

एमडी म्हणाले की याची काय गरज आहे. पिंगळे शांतपणे म्हणाले, "गरज काय नाय. त्याचा विश्वास हाय ना, मग दोघं जाऊ. मलाबी सोबत."

तुषार लगेच हो म्हणाला. मी त्याच्याकडे बघत होते, त्यात जराही दिखाऊपणा नव्हता. त्याचा खरोखरच विश्वास होता. त्या क्षणी मला त्याच्याबद्दल अभिमान वाटला आणि त्याच वेळी त्याच्या कानाखाली वाजवावीशीही वाटली. त्याला दोन मुली आहेत.

प्रात्यक्षिकाच्या दिवशी सकाळी हवा स्वच्छ होती. तुषारनं पिंगळ्यांचं जास्तीचं हेल्मेट घातलं होतं आणि ते त्याला मोठं होत होतं. विमानाकडे जाता जाता त्याचा फोन वाजला. नामपूरहून आई. कुठे आहेस, जेवलास का, असं विचारणारा तिचा अहिराणीतला आवाज फोनबाहेर ऐकू येत होता. "कथा शे रे तू? जेवना का?" त्यानं सांगितलं, "ऑफिसमा शे, माय." मग फोन माझ्याकडे ठेवायला दिला आणि गेला.

मी खुर्चीत बसले. पेडल जागेवर होतं, पण त्याची वायर काढलेली, प्लग खाली लोंबकळत होता. पाय सवयीनं पेडलवर गेला आणि पेडल नुसतं खाली-वर झालं. त्यात काही जोर नव्हता. मला दुर्बिणीत आकाशाचा एक गोल तुकडा दिसत होता. मंडप गच्च भरला होता. एमडी या वेळी माझ्या शेजारीच येऊन उभे राहिले होते, नाचऱ्या पायावर लक्ष ठेवायला असेल.

विमान वर गेलं, दूरवर गेलं, पिशवी सोडली, आमच्या दिशेला वळलं. पिंगळ्यांनी रेडिओवर कळवलं की येतोय. एरवी यानंतर ते काही बोलत नाहीत. या वेळी मध्ये थोडी खरखर झाली आणि तुषारचा आवाज आला.

"मॅडम, पेडल जोडून घ्या."

रेडिओवरचा हुकूम पुन्हा वदवून घ्यायचा असा आमचा नियम आहे. मी म्हटलं, "पुन्हा सांगा."

"पेडल जोडा. मी सांगितलं म्हणून सांगा खाली सगळ्यांना."

एमडींनी शेजारच्या स्पीकरवर ऐकलं होतं. त्यांनी मायक्रोफोनवर हात ठेवला आणि म्हणाले, "असं करू नका. ते लोक बघतायत. अटच तशी आहे." मी वाकून प्लग उचलला. त्यांनी माझा दंड धरला. जोरात नाही, पण धरला. चांगला माणूस होता, कारखान्यावर शेकडो घरांच्या चुली पेटायच्या, आणि त्या ऑर्डरवर सगळं टांगलेलं होतं. मी त्यांना म्हटलं, "साहेब, ज्यानं हे बनवलं तो वरून मागतोय." त्यांनी हात सोडला. मी प्लग खोचला. पेडलखाली स्प्रिंग ताठ झाली.

विमान सरळ येत होतं. दोघं एका रेषेत आले. मंडपातल्या पडद्यावर दोन ठिपक्यांचा एक झाला असणार. विमान वळलं, आडवं निघालं, नळी त्याच्याबरोबर फिरली, दिवा लागला. दुर्बिणीत केशरी कापड होतं. फक्त केशरी कापड, वाऱ्यानं टम्म फुगलेलं. मी पाय ठेवला आणि तोफ वाजली.

पिशवीच्या चिंध्या झाल्या. त्यानंतरच्या सगळ्या फेऱ्या तशाच झाल्या. एकदाही पाय उचलावा लागला नाही. तुषारनं मशीनला खरोखर शिकवलं होतं आणि त्या दिवशी ते एकदाही चुकलं नाही. हे मी मुद्दाम लिहिते, कारण ही गोष्ट मी सांगितली की लोकांना वाटतं मशीन परत चुकलं असेल. नाही चुकलं. पण एकाही फेरीत मी दुर्बिणीवरून डोळा काढला नाही, आणि उतरल्यावर तुषारला शिडीवरून खाली यायला पिंगळ्यांनी हात दिला.

तो विमानाच्या सावलीत जाऊन बसला. मी त्याचा फोन द्यायला गेले. तो म्हणाला, "मॅडम, वरून ती नळी दिसते. आपल्याकडेच बघत असल्यासारखी फिरत येते. ती पिशवीवर आहे हे मला माहीत होतं. प्रत्येक ओळ मी लिहिलीये. तरी मला तुमचा पाय हवा होता." पिंगळे शेजारी उभे होते. त्यांनी त्याच्या पाठीवर हात ठेवला आणि तो तिथेच राहू दिला.

तोफ विकली गेली. अट मोडली म्हणून वेळ लागला, पण गेली. कारखाना चालू आहे. मी त्यानंतर काम थांबवलं. ती तोफ आज कुठे उभी आहे ते मला माहीत नाही, आणि माहीत असतं तरी इथे लिहिलं नसतं. तिच्यासोबत पेडल दिलेलं आहे. ते जोडायचं की नाही, हे घेणाऱ्यांनी ठरवायचं, असं करारात ठरलं. पेडल कायम जोडलेलंच राहावं म्हणून तुषार शेवटपर्यंत भांडला आणि एवढंच मिळालं.

मागच्या महिन्यात तो घरी आला होता. मुली आमच्या अंगणात खेळत होत्या. चहा झाल्यावर त्यानं सहज विचारल्यासारखं विचारलं, "मॅडम, त्या लोकांनी पेडल जोडलं असेल का?"

मला माहीत नाही म्हटलं. तेवढ्यात ओझरच्या विमानतळावर उतरणारं एक प्रवासी विमान डोक्यावरून गेलं, रोज जातं तसं. मुलींनी वर बघून हात हलवले. आम्ही दोघांनीही वर बघितलं, आणि ते दिसेनासं होईपर्यंत बघत राहिलो.